अनुक्रमांचे दप्तर सांभाळणारे

ज्या विद्येचे भांडवल सर्वस्वी इतरांनी केलेल्या नोंदींचे असते, त्या विद्येच्या उपासकाला स्वतःच्या बुद्धीइतकीच दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाची आणि दुसऱ्याच्या हातून झालेल्या गफलतीचीही जाण ठेवावी लागते. जैवमाहितीशास्त्र ही अशा प्रकारची विद्या आहे. तिच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या, उंदरांचे पिंजरे किंवा रसायनांचा दर्प यांपैकी काही आढळत नाही. संगणकांची एक रांग, वातानुकूलन यंत्राचा अखंड आवाज आणि पडद्यावरील अक्षरांच्या ओळींत दृष्टी गुंतवून बसलेले काही तरुण-तरुणी एवढाच तिचा परिवार असतो. हे विद्यार्थी ज्या प्रथिनांचे आणि डीएनएचे अनुक्रम वाचीत असतात, ते त्यांनी स्वतः काढलेले क्वचितच असतात. कोणी केंब्रिजमध्ये, कोणी टोकियोत, कोणी हैदराबादेत काढून जगाच्या हवाली केलेली ही सामग्री त्यांच्यापुढे असते आणि तिच्यातून नवा अर्थ काढण्यापूर्वी ती खरी आहे किंवा नाही याची रुजुवात त्यांना करावी लागते. या पेशाचा पूर्वेतिहास पाहू जाता असे आढळते की, या शास्त्राची मिळकत आरंभी वादग्रस्त असली तरी पुढे सामायिक ठरली, आणि त्या सामायिक मिळकतीची राखण, तपासणी व दुरुस्ती ही बहुतांशी विद्यार्थ्यांच्या आणि साहाय्यकांच्या हातून होत आली. हीच गोष्ट प्रस्तुत लेखात थोड्या तपशिलाने मांडावयाची आहे.

आरंभ शोधावयाचा तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूयॉर्क शहरात जावे लागते. १९२५ साली जन्मलेल्या मार्गारेट डेहॉफ या कोलंबिया विद्यापीठात पुंज-रसायनशास्त्रात पीएच.डी.साठी काम करीत होत्या. अनेक कड्या असलेल्या सेंद्रिय रेणूंची ऊर्जा गणिताने काढावयाची हा त्यांचा विषय. आणि ही आकडेमोड हाताने करीत बसल्यास उमेदवारीचा सारा काळ त्यातच सरून जावा, अशी परिस्थिती. त्या वेळी मोठ्या पेढ्यांत पगारपत्रके आणि जमाखर्च यांसाठी छिद्रित पत्त्यांची यंत्रे वापरली जात. ही यंत्रे रेणूंच्या हिशेबालाही लावता येतील, हे डेहॉफ यांनी ओळखले, त्याप्रमाणे पद्धत बसविली आणि १९४८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पदवी संपादन केली. व्यापाराच्या कामाचे यंत्र रसायनशास्त्राच्या सेवेस जुंपण्याची ही युक्ती एका विद्यार्थिदशेतील व्यक्तीला सुचली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण हाताशी असलेल्या साधनाचा वेगळाच उपयोग शोधून काढण्याची ही वृत्ती पुढे या पेशाचा स्थायीभाव बनली.

याच सुमारास केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर इन्सुलिन या प्रथिनाची घटना उलगडण्याच्या उद्योगात होते. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी; तिच्यातील आम्लांचा क्रम ठरलेला असतो किंवा नाही, याविषयीच तोवर विद्वानांत मतभेद होते. सँगर यांनी १९५१ ते १९५५ या काळात बैलाच्या इन्सुलिनमधील ५१ आम्लांचा क्रम टप्प्याटप्प्याने निश्चित केला आणि त्या कार्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. साखळी सलग वाचता येत नसे. ती निरनिराळ्या विकरांनी तोडून लहान लहान तुकडे वाचावे लागत आणि मग ते तुकडे जुळवावे लागत. एखाद्या जुन्या बखरीच्या अनेक प्रती निरनिराळ्या ठिकाणी फाटून त्यांचे तुकडे एकाच ढिगात पडावेत, आणि एका प्रतीतील तुकड्याचा शेवट दुसऱ्या प्रतीतील तुकड्याच्या मध्याशी ताडून पाहत मूळ मजकूर उभा करावा, तशातलाच हा प्रकार. डेहॉफ १९६० साली मेरिलँडमधील नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्थेत आल्या आणि रॉबर्ट लेडली यांच्यासह १९६२ साली त्यांनी आयबीएम ७०९० या यंत्रासाठी 'कॉम्प्रोटीन' नावाची आज्ञावली सिद्ध केली. तुकड्यांची ही जुळवाजुळव, जी करताना माणसाचे महिने खर्ची पडत, ती या आज्ञावलीने मिनिटांच्या अवधीत आणून ठेवली.

परंतु यंत्राला वाचावयास द्यावयाचे काय? अनुक्रम जगभरच्या नियतकालिकांत विखुरलेले; कोणी ते तक्त्यात मांडी, कोणी आकृतीत, आणि एकाच प्रथिनाविषयी दोन गटांचे दाखले परस्परविरुद्धही असत. तेव्हा डेहॉफ आणि त्यांचे सहकारी रिचर्ड एक, मेरी चँग आणि मिनी सोचार्ड यांनी हे सर्व साहित्य धुंडाळून, पत्त्यांवर उतरवून, एकमेकांशी ताडून १९६५ साली 'प्रथिनांचे अनुक्रम आणि संरचना' यांचा एक संग्रहग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ६५ प्रथिनांचे अनुक्रम होते. आज ही संख्या हास्यास्पद वाटेल, पण त्या काळच्या समग्र जगाचे ज्ञान त्या एका पुस्तकात मावत होते. यंत्राच्या एका पत्त्यावर ८० अक्षरांपुरतीच जागा असे. प्रत्येक आम्लासाठी तीन अक्षरे योजल्यास ती भराभर संपे. म्हणून डेहॉफ यांनी प्रत्येक आम्लाला एकच रोमन अक्षर मुक्रर केले. ल्युसीनला 'एल' दिल्यावर लायसीनच्या वाट्याला शेजारचे 'के' आले, आणि दुहेरी कड्याच्या धिप्पाड ट्रिप्टोफॅनला 'डब्ल्यू' हे रुंद अक्षर मिळाले. आज पुण्यातील किंवा टोकियोतील कोणताही विद्यार्थी ही २० अक्षरे मुळाक्षरांप्रमाणे मुखोद्गत करतो. जागेच्या टंचाईतून जन्मलेला तो शिरस्ता साठ वर्षांनंतरही अबाधित आहे.

ज्या वर्षांत मेरिलँडमध्ये पत्त्यांवर छिद्रे पाडली जात होती, त्याच वर्षांत मद्रास विद्यापीठात याहूनही साध्या साधनांनी एक अपूर्व कार्य चालले होते. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह १९५४ साली कोलॅजेन या प्रथिनाची तीनपदरी रचना सुचविली होती, आणि तिच्यावर आक्षेप आल्यामुळे दोन अणू एकमेकांच्या किती निकट येऊ शकतात हा प्रश्न त्यांना मुळापासून तपासावासा वाटला. प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक दुव्यापाशी दोन ठिकाणी वळण्याची मुभा असते. त्या वळणांच्या कोनांना 'फाय' आणि 'साय' अशी नावे आहेत. कोनांची प्रत्येक जोडी घ्यावयाची, त्या स्थितीत सर्व अणूंची परस्परांपासूनची अंतरे काढावयाची, आणि कोणतेही अंतर ठरीव मर्यादेखाली गेले तर ती जोडी त्याज्य ठरवावयाची, असे हे काम होते. सी. रामकृष्णन या त्यांच्या शिष्याने ही अंतरे मेजावरील गणनयंत्राच्या साहाय्याने एकामागून एक काढली. रामचंद्रन, रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या तिघांच्या नावे १९६३ साली जो चार-पाच पानांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यातील आलेख आज 'रामचंद्रन आलेख' म्हणून जगभर ओळखला जातो.

या आलेखाची थोरवी कशात आहे, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्याने कोणतेही नवे प्रथिन शोधले नाही. कोणती रचना संभवते आणि कोणती संभवत नाही, एवढेच त्याने सांगितले. परंतु पुढे हजारो प्रथिनांच्या त्रिमितीय रचना क्ष-किरणांनी उलगडल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या रचनांतील चुका हुडकण्याचे सर्वमान्य साधन म्हणून हाच आलेख वापरात आला. आजही कोणी नवी रचना प्रसिद्ध करावयास निघाला की तिच्यातील किती दुवे या आलेखाच्या निषिद्ध प्रदेशात पडतात, हे आधी विचारले जाते. मद्रासच्या एका विद्यार्थ्याने सोसलेल्या आकडेमोडीच्या कष्टांतून जगातील सर्व प्रथिन-रचनांची कसोटी निर्माण झाली. रामचंद्रन १९७१ च्या सुमारास बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि तेथे त्यांनी रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. त्या परिवारातून १९७४ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात इतरांनी प्रसिद्ध केलेल्या स्फटिकांच्या मापनांची सरासरी काढून दोन आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड दुव्याची प्रमाणभूत मापे ठरविली होती. त्याच्या चार लेखकांत रामचंद्रन यांच्या नावामागोमाग अशोक कोळस्कर हे मराठी नाव आढळते. दुसऱ्यांच्या नोंदी एकत्र करून त्यांतून प्रमाण काढावयाचे, ही दीक्षा घेतलेला हा संशोधक पुढे पुण्यास आला, आणि त्यामुळे या कथेचा एक धागा महाराष्ट्राशी जोडला गेला.

तत्पूर्वी एका वादाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण त्याच्या निकालावर पुण्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांचे भवितव्य अवलंबून होते. १९७७ साली डीएनए वाचण्याच्या नव्या पद्धती उपलब्ध झाल्या आणि अनुक्रमांचा ओघ एकाएकी वाढला. तो एका ठिकाणी कोणी साठवावा, याचा विचार करण्यासाठी मार्च १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शास्त्रज्ञांची बैठक भरली. डेहॉफ यांच्याइतका अनुभव कोणापाशीच नव्हता. परंतु त्यांच्या संस्थेचा संग्रह पैसे भरून घ्यावा लागे, आणि त्याच्या पुनर्वितरणावर निर्बंध असत. त्या संस्थेला खर्च भागविण्यासाठी दुसरा मार्ग नव्हता हे खरे. तथापि ज्यांनी आपले अनुक्रम विनामूल्य दिले होते, त्यांना ते विकत घ्यावे लागणे रुचले नाही. १९८२ साली अमेरिकन सरकारने आपली तरतूद दिली ती लॉस अलामॉस येथील वॉल्टर गोड यांच्या गटाच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या 'जेनबँक' या संग्रहाला, आणि तो सर्वांना खुला असेल हे त्याचे मुख्य अभिवचन होते. त्याच सुमारास जर्मनीत हायडेलबर्ग येथे युरोपीय संग्रह आणि काही वर्षांनी जपानमधील संग्रह सुरू झाला. डिसेंबर १९८२ मध्ये जेनबँकेत ६०६ नोंदी होत्या आणि त्यांत एकूण ६,८०,३३८ अक्षरे होती. पुढच्याच काही वर्षांत नियतकालिकांतून अनुक्रम वाचून टंकलिखित करणाऱ्या साहाय्यकांची दमछाक झाली. छापून आलेली नोंद दप्तरी दाखल होण्यास वर्षाहूनही अधिक काळ लागू लागला, तेव्हा कुठे नियतकालिकांनी असा दंडक घातला की लेखकाने अनुक्रम स्वतः संग्रहात जमा करावा आणि दाखल क्रमांक मिळाल्यावरच निबंध छापला जावा. डेहॉफ १९८३ साली निवर्तल्या. ज्या शास्त्राचा पाया त्यांनी घातला, त्याचे दप्तर त्यांच्याकडे राहिले नाही, याची हळहळ वाटते. परंतु खुलेपणाच्या बाजूने लागलेला तो निकाल योग्यच होता, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ साली स्थापन झाला आणि त्याने लगोलग देशभर माहितीकेंद्रांचे एक जाळे विणण्याची योजना आखली. प्रत्येक केंद्राला एकेक विषय नेमून दिला होता. पुणे विद्यापीठाच्या वाट्याला प्राण्यांच्या पेशींचे संवर्धन आणि विषाणुशास्त्र आले, यात योगायोगाचा भाग थोडाच होता. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र कार्यरत होते, ज्याला १९७८ साली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे स्वरूप प्राप्त झाले. विद्यापीठाच्या आवारातच पेशींचा राष्ट्रीय संग्रह उभा राहत होता. आणि १९८८ साली सी-डॅक ही महासंगणकाची संस्था याच परिसरात आली, जिने १९९१ मध्ये 'परम ८०००' घडविला. अशा शेजारात १९८७ साली विद्यापीठाचे जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले आणि त्याची धुरा कोळस्कर यांच्याकडे आली.

त्या दिवसांतील अभ्यासाची कल्पना आजच्या विद्यार्थ्याला सहजी येणार नाही. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर अनुक्रमांचे जागतिक संग्रह चुंबकीय फितींवर आणि पुढे सीडींवर टपालाने फिरत. नवी आवृत्ती येईपर्यंत जगात काय नवे निघाले हे नियतकालिकांच्या अंकांवरूनच कळे, आणि ते अंकही समुद्रमार्गे येत असल्यास महिन्यांच्या विलंबाने. परंतु संग्रह खुला असल्यामुळे एकदा फीत हाती आली की पुण्याच्या विद्यार्थ्यापुढे आणि हायडेलबर्गच्या विद्यार्थ्यापुढे अक्षरे तीच असत. उपकरणांची श्रीमंती ज्या शास्त्रात निर्णायक ठरते, तेथे आपल्या देशातील तरुणाला दहा वर्षे मागे राहावे लागे; येथे मात्र अंतर राहिले ते केवळ टपालाचे.

या सामग्रीतून काय निर्माण होऊ शकते, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या विषाणूचे प्रथिन शरीरात शिरले की आपली प्रतिकारशक्ती त्या प्रथिनाच्या सर्व भागांना सारख्याच तीव्रतेने ओळखत नाही. काही विशिष्ट भागांवरच प्रतिपिंडे जाऊन बसतात. असे भाग अगोदर ओळखता आले तर लस आणि रोगनिदान यांचे काम पुष्कळ सोपे होते. अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी हा प्रश्न १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधात हाताळला. जगभरच्या प्रयोगांतून ३४ प्रथिनांवरील असे जे भाग निश्चित झाले होते, ते त्यांनी वाङ्मयातून गोळा केले, त्यांतील फार लांबलचक भाग वगळले आणि १५६ भागांची यादी पक्की केली. मग २० अमिनो आम्लांपैकी प्रत्येक आम्ल या यादीत किती वेळा येते आणि प्रथिनांच्या पृष्ठभागावर एरवी किती वेळा आढळते, यांचे गुणोत्तर काढले. प्रत्येक आम्लासाठी एक, असे हे केवळ २० आकडे. नव्या प्रथिनाचा अनुक्रम घ्यावा, सलग सात आम्लांची सरासरी काढून ती मधल्या आम्लाच्या नावे मांडावी, एकेक पाऊल पुढे सरकत शेवटापर्यंत जावे, आणि जेथे सरासरी सलग उंचावलेली राहते तो भाग प्रतिपिंडांना आकर्षून घेण्याचा संभव मोठा, असे समजावे. सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलीन ही जलविरोधी आम्ले पृष्ठभागावर आली असता अशा भागांत सापडण्याचा संभव अधिक, ही या यादीतून निघालेली अनपेक्षित गोष्ट होती. या रीतीचे भाकीत सुमारे ७५ टक्के खरे ठरते, असे लेखकांनी नमूद केले. तेव्हापासून ही रीत परदेशी आज्ञावलींच्या संचांतही समाविष्ट झाली आणि लसींवर काम करणारे असंख्य विद्यार्थी ती आजतागायत वापरीत आले आहेत. या कामाला लागली ती सामग्री म्हणजे ग्रंथालय, एक संगणक आणि काटेकोर यादी. त्यांतील यादीच सर्वांत मोलाची होती. तिच्यात दहा-वीस नोंदी चुकीच्या शिरल्या असत्या, तर ते २० आकडे खोटे ठरले असते आणि त्यांच्यावर विसंबणारे सारे.

पुण्याच्या केंद्राने पुढे प्राण्यांच्या विषाणूंची माहिती संकलित केली, आणि जपानी मेंदूज्वराच्या विषाणूकडे विशेष लक्ष दिले. भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत पसरणारा हा रोग पूर्व उत्तर प्रदेशात आणि अन्यत्र वर्षानुवर्षे बालकांचे बळी घेत आला आहे. या विषाणूच्या बाह्यावरणातील प्रथिनाची रचना प्रयोगाने ठाऊक नव्हती, तेव्हा गोचिडीमार्फत पसरणाऱ्या एका सजातीय विषाणूच्या ज्ञात रचनेचा आधार घेऊन कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ साली तिचे प्रतिमान संगणकावर उभे केले आणि प्रतिपिंडे कोठे बसतील ते दर्शविले. त्या प्रथिनाची प्रत्यक्ष स्फटिकरचना प्रसिद्ध झाली ती २०१२ साली. प्रयोगाची वाट न पाहता उपलब्ध नोंदींच्या बळावर अशी पुढची झेप घ्यावयाची आणि नंतर प्रयोगाच्या कसोटीला निमूटपणे उभे राहावयाचे, हे धैर्य येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना या केंद्राने शिकविले.

आता पुन्हा एकदा समुद्रापलीकडे पाहू, कारण या पेशाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रसंग २००० सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे घडला. मानवी जनुकसंचाच्या सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या वाचनाचा कच्चा मसुदा अंतिम टप्प्यात आला होता. सार्वजनिक प्रकल्पातील प्रयोगशाळांनी १९९६ साली बर्म्युडा येथे ठरविल्याप्रमाणे वाचलेले अनुक्रम चोवीस तासांच्या आत जाहीर होत असत. परंतु लक्षावधी तुकड्यांचे हे भांडार सलग जुळविण्याची आज्ञावली तयार नव्हती. सेलेरा ही खाजगी कंपनी स्वतंत्रपणे तेच काम करीत होती, आणि ती आधी यशस्वी झाल्यास मानवी जनुकांवर स्वामित्वहक्क बसतील, अशी भीती पसरली होती. डेव्हिड हाउस्लर या प्राध्यापकांकडे जुळणीचे काम आले असता जिम केंट या विद्यार्थ्याने ते अंगावर घेतले. केंट तेव्हा चाळिशीचे होते; संगणकीय चलच्चित्रांचा व्यवसाय सोडून जीवशास्त्रात पीएच.डी. करण्यास ते आले होते. विद्यापीठाने शंभर साधे संगणक उपलब्ध करून दिले. केंट यांनी सुमारे महिनाभरात हजारो ओळींची आज्ञावली लिहिली. टंकनाच्या श्रमाने मनगटे दुखू लागली तेव्हा त्यांना बर्फ लावून ते लिहीत राहिले. २२ जून रोजी जुळणी पूर्ण झाली, २६ जून रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जनुकसंचाची घोषणा केली, आणि ७ जुलै रोजी तो सर्व मजकूर जगातील कोणालाही पाहता येईल अशा रीतीने खुला झाला. घोषणेच्या वेळी व्यासपीठावर जे बसले, त्यांची नावे इतिहासात आहेतच; परंतु मनुष्यजातीचा मजकूर मनुष्यजातीच्या सामायिक मालकीचा राहिला, याचे मोठे श्रेय पदवी मिळण्यापूर्वीच्या एका विद्यार्थ्याचे आहे.

त्यानंतरच्या पाव शतकात वाचनयंत्रे इतकी वेगवान आणि स्वस्त झाली की तुटवडा नोंदींचा न राहता त्या तपासणाऱ्या डोळ्यांचा झाला. आजचा पीएच.डी.चा विद्यार्थी सकाळी प्रथम पाहतो ते रात्री रांगेत लावलेले गणन पार पडले की मध्येच बंद पडले. आणि बंद पडले असल्यास त्याचे कारण पुष्कळदा शास्त्रात न सापडता एखाद्या फाइलच्या रचनेत सापडते. डीएनएवरील स्थाने मोजताना काही संग्रह एकापासून आरंभ करतात, तर सांताक्रूझच्या परंपरेतील काही फाइली शून्यापासून. हा भेद नजरेतून सुटला की प्रत्येक जनुक एका अक्षराने सरकते, आणि सरकलेल्या निष्कर्षावर कोणतेही यंत्र तक्रार करीत नाही. मानवी जनुकसंचाची २००९ सालची आवृत्ती आणि २०१३ सालची आवृत्ती यांतील स्थानांक जुळत नाहीत. म्हणून एका निबंधातील यादी दुसऱ्याशी ताडण्यापूर्वी ती कोणत्या आवृत्तीवरची, हे विचारावे लागते. 'सेप्ट २' किंवा 'मार्च १' अशी नावे असलेली जनुके एक्सेलच्या तक्त्यात घातली की ते त्यांना तारखा समजून बदलून टाके. हा दोष २००४ साली दाखविण्यात आला, तरी २०१६ च्या एका पाहणीत अशा याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत तो आढळला, आणि अखेर २०२० साली मानवी जनुकांच्या नामकरण समितीने आपली नावेच बदलली. असल्या गोष्टींत विद्यार्थ्याचे आठवडे जातात. रसायनांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या 'वेट लॅब'मधील स्नेह्याला त्याचे दिवसभर खुर्चीत बसणे आरामाचे वाटते, घरच्यांना तो नेमके काय करतो हे सांगता येत नाही, आणि सरांना आठवड्याच्या बैठकीत दाखविण्यासारखी एकही आकृती त्याच्यापाशी नसते. शिष्यवृत्तीची अवस्थाही फार समाधानाची नाही. देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन मागणी केल्यानंतर २०१९ च्या आरंभी कनिष्ठ शिष्यवृत्ती दरमहा ३१ हजार रुपये झाली, आणि ती वेळेवर हाती पडेलच याची शाश्वती पुष्कळांना आजही नाही.

आणि तरीही या अप्रकट मेहनतीचे मोल काय असते, हे करोनाच्या साथीने सर्वांसमोर आणले. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात त्या विषाणूचा सुमारे तीस हजार अक्षरांचा अनुक्रम खुला झाला आणि जगभर निदानाच्या चाचण्या व लसी यांचे काम त्याच क्षणी सुरू होऊ शकले. भारतातील पहिल्या रुग्णांपासून मिळालेल्या विषाणूंचे पूर्ण अनुक्रम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने काढले. डिसेंबर २०२० मध्ये देशातील दहा प्रयोगशाळांची एक संघटना बांधण्यात आली, तीत पुण्याच्या दोन संस्था होत्या. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील नमुन्यांत दोन विशिष्ट बदल असलेल्या विषाणूचे प्रमाण डिसेंबरच्या तुलनेने वाढलेले आढळले आहे. ज्या कुळाला पुढे 'डेल्टा' हे नाव मिळाले, त्याच्याच परिवाराची ही चाहूल होती. हजारो अक्षरांतील एकदोन अक्षरांचा फरक हा यंत्राच्या वाचनातील दोष आहे की खरोखरीचा बदल, हे ठरविल्याशिवाय असे विधान करता येत नाही. आणि ते ठरविण्याचे काम, डेहॉफ यांच्या साहाय्यकांनी पत्त्यांवर जे केले आणि रामकृष्णन यांनी गणनयंत्रावर जे केले, त्याच जातीचे आहे.

म्हणून विद्यापीठांना आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या खात्यांना आग्रहाने असे सुचवावेसे वाटते की, प्रबंधाचे मूल्यमापन करताना नव्या निष्कर्षांची संख्या मोजण्याबरोबरच उमेदवाराने जुन्या नोंदींतील किती दोष दुरुस्त करून संग्रहांना कळविले, आपली आज्ञावली आणि आपल्या याद्या दुसऱ्याला वापरता येतील अशा स्थितीत खुल्या केल्या किंवा नाही, यांनाही पदवीच्या दृष्टीने मान्यता असावी. त्यासाठी एखाद्या विद्यार्थ्याला वर्षभर अधिक लागले, तर तेवढ्या काळाची शिष्यवृत्ती वेळेवर देण्याची तरतूद असावी. सामायिक मिळकत टिकते ती तिचा उपभोग घेणाऱ्यांपैकी काहींनी तिच्या डागडुजीचे दायित्व पत्करल्यामुळे. आणि ज्या देशाने मेजावरच्या गणनयंत्रातून जगाला कसोटी दिली आणि ग्रंथालयातल्या यादीतून लसशास्त्राला हत्यार दिले, त्या देशाने तरी हे दायित्व पत्करणाऱ्या आपल्या तरुणांना, त्यांचे काम दिसत नाही एवढ्याच कारणासाठी, उपेक्षेत ठेवू नये.